दुकानात न पोहोचलेली गाणी

एखाद्या कलावंताची ओळख रसिकाला दोन वाटांनी होते. कलावंताच्याच काळात जगणारा रसिक त्याच्याबरोबर पुढे पुढे चालत जातो. पहिली मैफल, पहिली ध्वनिमुद्रिका, मग दुसरी, अशा क्रमाने तो कलावंत त्याला उलगडत जातो. उशिरा आलेल्या रसिकाची वाट मात्र उलटी असते. कोठे तरी एखादे गाणे अवचित कानी पडते, मनात घर करून बसते, आणि मग तो विचारू लागतो की हे गाणे कुणाचे, यापूर्वी त्याने काय गाइले, आणि ते आता कोठे मिळेल? एका नाट्यपदाच्या तबकडीपायी शहरातला सारा जुना बाजार पालथा घालणारे रसिक मराठी समाजाला अपरिचित नाहीत. मागे मागे जाण्याचे हे वेड सर्व देशांत आणि संगीताच्या सर्व प्रकारांत सारखेच आहे.

या उलट्या प्रवासात रसिकाच्या हाती काय लागते, आणि ती वाट मुळात शिल्लक तरी कशी राहते, हे समजून घेण्यास अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या एका बँडचे उदाहरण फार बोलके आहे. त्या बँडचे नाव ‘बिग स्टार’, म्हणजे मोठा तारा. तो १९७१ साली उभा राहिला आणि १९७४ साल संपता संपता मोडला. तेवढ्या अवधीत त्याने तीन दीर्घ ध्वनिमुद्रिकांचे काम केले. त्यांपैकी दोन प्रसिद्ध झाल्या, पण फारशा कुणी घेतल्या नाहीत. तिसरी तयार होऊन चार वर्षे पडून राहिली. तरीही आज रॉक संगीताच्या इतिहासात या तिन्ही ध्वनिमुद्रिकांना मानाचे पान आहे.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा करणे आवश्यक आहे. गिटार, बास गिटार आणि ड्रम यांच्या जोरकस साथीवर गाइले जाणारे रॉक संगीत सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. ‘इंडी’ हा मात्र ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा बोलीतला संक्षेप होय. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात काही बलाढ्य कंपन्यांजवळ स्वतःचे कारखाने, वितरणाच्या शाखा आणि जाहिरातीचा पैसा असे. या मोठ्यांच्या आश्रयाला न जाता लहान, स्वतंत्र कंपन्यांनी जे संगीत काढले ते इंडी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटन व अमेरिका येथे अशा कंपन्यांचे पेव फुटले आणि त्यांच्या संगीताला पुढे ‘इंडी रॉक’ असे नाव पडले. बिग स्टारच्या काळी हा शब्द रूढ झालेला नव्हता. परंतु इंडी रॉकच्या वंशावळीत त्याची गणना मूळ पुरुषांमध्ये केली जाते.

आता उशिरा आलेला रसिक या बँडपर्यंत पोहोचतो कसा, ते पाहू. १९८६ साली ‘बँगल्स’ या तरुणींच्या बँडची ‘डिफरंट लाइट’ ही ध्वनिमुद्रिका जगभर गाजली. तिच्यातली दोन-तीन गाणी सर्वांच्या तोंडी होती. त्यांच्या सोबत ‘सप्टेंबर गर्ल्स’ नावाचे आणखी एक गाणे होते. ज्याला ते विशेष आवडले, त्याने वेष्टनावरची बारीक अक्षरातली नावे वाचली, आणि रचनाकार म्हणून त्याला अॅलेक्स चिल्टन हे नाव दिसले. हे बारीक अक्षर वाचण्याची सवय हीच उलट्या प्रवासाची पहिली पायरी होय.

त्या नावामागे जाताच रसिकाला पहिला धक्का बसतो. १९६७ साली ‘बॉक्स टॉप्स’ या बँडचे ‘द लेटर’ हे गाणे अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गाण्याची लांबी दोन मिनिटांहूनही कमी, आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र जगाचे टक्केटोणपे खाल्लेल्या प्रौढाचा वाटावा असा खरखरीत. तो गायक म्हणजे अवघ्या १६ वर्षांचा अॅलेक्स चिल्टन. पाचच वर्षांनी बिग स्टारच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर हाच गायक उंच, हळव्या, किंचित कापऱ्या स्वरात गातो. ऐकणाऱ्याला प्रथम हे दोन निराळे गायक वाटतात. सर्वसाधारण माणूस बालपणाकडून प्रौढत्वाकडे जातो. चिल्टनचा आवाज प्रौढत्वाकडून कौमार्याकडे गेला. हे कोडे उलगडावयाचे तर मेम्फिसला जावयास हवे.

मेम्फिस हे टेनेसी राज्यातील मिसिसिपी नदीकाठचे शहर. एल्विस प्रेस्लीचे शहर म्हणून ते प्रसिद्ध आहे, तसेच ‘स्टॅक्स’ कंपनीने घडविलेल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचे माहेर म्हणूनही. याच शहरात जॉन फ्राय या ध्वनितंत्रज्ञाने ‘आर्डेंट’ नावाचा स्टुडिओ काढला होता. गावातल्या होतकरू मुलांना फ्राय ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकवी आणि व्यवसायाचे काम आटोपल्यावर त्यांना स्टुडिओ वापरू देई. अशा मुलांपैकी एक होता ख्रिस बेल. बीटल्स आणि त्या काळचे इतर इंग्रज बँड हे त्याचे आदर्श. जोडी स्टीव्हन्स हा ड्रम वाजवणारा आणि अँडी हमेल हा बास वाजवणारा, असे दोन साथी त्याला मिळाले होते. बॉक्स टॉप्समध्ये दुसऱ्यांनी निवडलेली गाणी दुसऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे गाऊन कंटाळलेला चिल्टन १९७१ साली त्यांना येऊन मिळाला. त्याचा उंच, हळवा स्वर या बीटल्सवेड्या सोबतीतच मोकळा झाला. स्टुडिओसमोर ‘बिग स्टार’ नावाच्या किराणामालाच्या दुकानसाखळीचे एक दुकान होते. तेच नाव मुलांनी आपल्या बँडला दिले. पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ठेवले ‘नंबर वन रेकॉर्ड’. नावात थट्टा होती. पण थट्टेच्या आड आशाही होती.

१९७२ साली निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेवर १२ गाणी आहेत. लेनन आणि मॅकार्टनी यांच्याप्रमाणे चिल्टन व बेल यांनी आपल्या रचनांवर दोघांची नावे जोडीने घातली. बेलच्या गाण्यांत गिटारींचा झगझगाट आहे, आणि ‘ट्राय अगेन’सारख्या गाण्यात थकलेल्या मनाने देवाकडे मागितलेली शक्तीही आहे. चिल्टनचे ‘थर्टीन’ हे गाणे शाळकरी वयातील प्रीतीचे असून गिटारच्या अगदी हलक्या साथीवर गाइलेले आहे. त्यात कोठेही आवाज चढत नाही, आणि म्हणूनच ते विसरले जात नाही. भारतीय श्रोत्याला एक गंमत अशी, की हमेलने रचलेल्या एका गाण्याचे नाव ‘द इंडिया साँग’ आहे. मेम्फिसच्या त्या तरुणाने दूरच्या भारतात निवांत, साहेबी थाटात राहण्याचे एक भाबडे स्वप्न त्यात रंगविले आहे. तो भारत नकाशावर कोठे सापडणार नाही; पण विशीतल्या मुलाच्या मनात दूर देशाचे चित्र कसे तयार होते, हे मात्र त्यात नेमके उतरले आहे.

समीक्षकांनी या ध्वनिमुद्रिकेची मनापासून स्तुती केली. तरीही ती पडली. ती का पडली, हे नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात संगीताचा दोष नव्हता. ध्वनिमुद्रिका ही कला असली तरी ती दुकानात मांडावयाची वस्तूही असते. रेडिओवर गाणे लागले, ऐकणारा दुकानात गेला आणि ‘शिल्लक नाही’ असे उत्तर मिळाले, की तो दुसरे काही तरी घेऊन घरी जातो आणि पुन्हा विचारावयास येत नाही. आर्डेंटची निर्मिती बाजारात पोहोचविण्याचे काम स्टॅक्सकडे होते. स्टॅक्सचा हातखंडा सोल संगीतात. बीटल्सच्या वळणाची गिटारगीते कुणाला आणि कशी विकावयाची, याचा त्या कंपनीला अनुभव नव्हता. त्याच सुमारास स्टॅक्सने आपल्या मालाचे वितरण कोलंबिया या बड्या कंपनीकडे सोपविण्याचा करार केला. कोलंबियाजवळ स्वतःच्या शाखा होत्या, त्यामुळे ठिकठिकाणचे जुने स्वतंत्र वितरक या व्यवहारातून बाद झाले, आणि या लहानशा बँडकडे लक्ष देण्यास नव्या व्यवस्थेत कुणाला सवड नव्हती. परिणामी ‘नंबर वन रेकॉर्ड’च्या १०,००० प्रतीही खपल्या नाहीत.

या अपयशाने बेल खचला. वर्तमानपत्रांत सारा प्रकाश पूर्वीच्या कीर्तीमुळे चिल्टनवर पडत होता, त्याचेही शल्य होतेच. १९७२ संपण्यापूर्वी तो बँड सोडून गेला. बँड जवळजवळ संपलाच होता; पण १९७३ च्या मे महिन्यात मेम्फिस येथे देशभरच्या रॉक समीक्षकांचा मेळावा भरला, आणि त्यात उरलेल्या तिघांनी आपली गाणी सादर केली. श्रोते सारे कान तयार झालेले. त्यांनी जो उत्साह दाखविला, त्यामुळे तिघांना पुन्हा उभारी आली आणि १९७४ साली ‘रेडिओ सिटी’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली. ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे गाणे मूळचे तिच्यातले. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील नीटस घडणीच्या जागी येथे काहीसा विस्कटलेला, कोणत्याही क्षणी तुटेल असा ताण आहे. पण फ्रायच्या कौशल्यामुळे प्रत्येक वाद्य काचेसारखे स्वच्छ ऐकू येते. वेष्टनावर लाल छताचे आणि त्यातून लोंबणाऱ्या दिव्याचे एक छायाचित्र आहे. ते मेम्फिसच्याच विल्यम एगल्स्टन याचे. रंगीत छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत आज त्याचे नाव घेतले जाते.

तोवर स्टॅक्स आणि कोलंबिया यांचे संबंध पूर्ण बिघडले होते. भांडण दोन कंपन्यांचे, आणि माल अडकला तिसऱ्याचा. ‘रेडिओ सिटी’च्या सुमारे २०,००० प्रती खपल्या. हमेल महाविद्यालयीन शिक्षण पुरे करण्यासाठी निघून गेला व पुढे अभियंता झाला. खुद्द स्टॅक्स कंपनीचे १९७५ च्या डिसेंबरात दिवाळे वाजले.

तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेची कथा आणखी विलक्षण आहे. १९७४ साली चिल्टन आणि स्टीव्हन्स हे दोघेच उरले होते. जिम डिकिन्सन हा मेम्फिसचा अनुभवी वादक निर्माता म्हणून लाभला आणि आर्डेंटमध्ये काम सुरू झाले. या गाण्यांत जुना झगझगाट नाही. काही गाणी इतकी संथ आहेत की पुढचा स्वर येईल की नाही, अशी शंका यावी. ‘होलोकॉस्ट’ या गाण्यात पियानोच्या मोजक्या स्वरांवर एक उद्ध्वस्त मन बोलते. त्याच संग्रहात ‘जीझस क्राइस्ट’ नावाचे नाताळचे एक साधे, प्रसन्न गीतही आहे. चाचणीसाठी काढलेल्या थोड्या प्रती घेऊन फ्राय आणि डिकिन्सन मोठ्या कंपन्यांकडे गेले. कुणीही ती घेतली नाही. १९७८ साली ‘पीव्हीसी’ या लहान कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. कोणी तिला ‘थर्ड’ म्हणतात, कोणी ‘सिस्टर लव्हर्स’. गाण्यांचा क्रमही कलावंतांनी कधी कायम केलेला नव्हता. निरनिराळ्या आवृत्त्यांत तो निरनिराळा आहे, आणि २०१६ साली त्या काळातील सर्व उपलब्ध मुद्रणे एकत्र प्रसिद्ध झाली.

आपण विकत घेतलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे कलावंताने सांगितलेला शेवटचा शब्द, असे सामान्यतः मानले जाते. ‘थर्ड’च्या बाबतीत तसे मानता येत नाही. तो क्रम प्रकाशकाने लावलेला आहे. कथेतील प्रकरणे बदलली की कथा बदलते, तसेच येथेही घडते. जुना संग्रह ऐकताना काय ऐकावे याबरोबरच हे कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारे रचले, हेही पाहावे लागते, ते यासाठी.

१९७८ हे साल या कथेत विचित्र योगाचे आहे. त्याच वर्षी ‘थर्ड’ बाजारात आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका एकत्र करून पुन्हा काढण्यात आल्या. ख्रिस बेलची ‘आय अॅम द कॉसमॉस’ ही एका गाण्याची छोटी तबकडी एका लहान कंपनीने काढली, तीही त्याच वर्षी. आणि त्याच वर्षी २७ डिसेंबर रोजी मेम्फिसमध्ये मोटार अपघातात बेल मरण पावला. त्याचे वय २७ होते. वडिलांच्या उपाहारगृहाच्या व्यवसायात तो काम करीत असे. त्याच्या एकट्याच्या गाण्यांचा पूर्ण संग्रह १९९२ साली निघाला. तो हाती घेण्यास तो नव्हता.

मग ही गाणी टिकली कशी? मोठ्या कंपन्यांची साखळी तुटली होती, तेथे ऐकणाऱ्यांनी दुसरी साखळी गुंफली. एका मित्राने दुसऱ्याला ध्वनिफीत उतरवून दिली. जुन्या तबकड्यांच्या दुकानदाराने जाणत्या गिऱ्हाइकासाठी एक प्रत बाजूला काढून ठेवली. महाविद्यालयांच्या आवारातून विद्यार्थीच चालवीत असलेल्या लहान नभोवाणी केंद्रांनी ती गाणी लावली. ऐकणाऱ्यांपैकी काही जण पुढे स्वतःच वादक झाले. १९८४ साली इंग्लंडच्या एका स्वतंत्र कंपनीने काढलेल्या ‘धिस मॉर्टल कॉइल’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘थर्ड’मधील दोन गाणी नव्याने गाइलेली आहेत. ‘आर. ई. एम.’ हा पुढे जगप्रसिद्ध झालेला बँड बिग स्टारचे ऋण उघडपणे सांगत असे. मिनिआपोलिसच्या ‘रिप्लेसमेंट्स’ बँडने तर १९८७ साली ‘अॅलेक्स चिल्टन’ याच नावाचे गाणे रचले, आणि ती ध्वनिमुद्रिका मेम्फिसला येऊन, आर्डेंटमध्येच, डिकिन्सनच्या देखरेखीखाली केली. शिष्याने गुरूच्या गावी जाऊन पहिली हजेरी लावावी, तसा हा प्रकार.

या काळात गुरू काय करीत होता? १९८० च्या दशकाच्या आरंभी चिल्टन न्यू ऑर्लिन्सला राहावयास गेला आणि तेथे काही काळ त्याने उपाहारगृहात भांडी धुण्याचे काम केले. दूरच्या शहरांतील तरुण त्याच्या गाण्यांची पारायणे करीत असताना त्यांचा निर्माता उष्ट्या बशा विसळीत होता. ही हकीकत रंगवून सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. अपयशाला एक खोटी झळाळी देणे सोपे असते. परंतु अपयशामुळे ही गाणी चांगली झाली, असे मानण्यास आधार नाही. गाणी आधीच चांगली होती. अपयशाने केले ते एवढेच की चौघांना एकमेकांपासून तोडले आणि पुढची गाणी होऊ दिली नाहीत. चिल्टनला स्वतःला या उशिराच्या स्तुतीचे फारसे अप्रूप नव्हते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

१९९३ साली मिसुरी विद्यापीठाच्या विद्यार्थी नभोवाणी केंद्रातील मुलांनी बिग स्टारला निमंत्रण धाडले. ते स्वीकारले जाईल, अशी अपेक्षा फार थोड्यांना असेल. चिल्टन आणि स्टीव्हन्स यांनी होकार दिला. बेल नव्हता, हमेल संगीतापासून दूर गेला होता. त्या दोन जागी ‘पोझीज’ या बँडमधील जॉन ऑअर आणि केन स्ट्रिंगफेलो उभे राहिले. हे दोघेही बिग स्टारची गाणी ऐकून वाढलेले. २५ एप्रिल १९९३ रोजी तो कार्यक्रम झाला. योगायोग असा की ज्या गावी तो झाला, त्या गावाचे नाव कोलंबिया. ज्या नावाच्या कंपनीच्या व्यवहारात ही गाणी एकदा हरवली होती, त्याच नावाच्या गावी ती पुन्हा उभ्याने गाइली गेली. या चौघांनी पुढे २००५ साली ‘इन स्पेस’ नावाची नवी ध्वनिमुद्रिकाही केली.

१७ मार्च २०१० रोजी चिल्टनचे हृदयविकाराने निधन झाले. तीनच दिवसांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथील महोत्सवात बँडचा कार्यक्रम ठरलेला होता; तो श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षीच्या जुलैत हमेल गेला, आणि २०१४ साली जॉन फ्राय. मूळ चौघांतील जोडी स्टीव्हन्स तेवढा मागे राहिला.

आज हे सारे भांडार एका छोट्या यंत्रावर क्षणात उघडते. जुना बाजार पालथा घालावा लागत नाही, ही सोय मोठीच आहे. पण तीन ध्वनिमुद्रिकांची गाणी एकाच यादीत सरमिसळ होऊन येतात, आणि चार वर्षांत चार माणसांचे काय झाले ते त्या यादीत दिसत नाही. नव्याने ऐकणाऱ्याने यासाठी थोडी शिस्त पाळावी. ज्या गाण्याने ओढून आणले, ते आधी मनसोक्त ऐकावे. मग १९७२, १९७४ आणि शेवटी ‘थर्ड’, अशा क्रमाने एकेक ध्वनिमुद्रिका सलग, मध्ये न थांबता ऐकावी. नंतर बेलचा स्वतंत्र संग्रह ऐकावा, म्हणजे पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील कोणता रंग कुणाचा होता, हे कळते. २००९ साली निघालेला चार तबकड्यांचा मोठा संच सर्वांत शेवटी. कच्च्या मसुद्यांची गोडी पक्का लेख वाचल्यावरच कळते. आणि प्रत्येक वेळी बारीक अक्षरातली नावे वाचावीत: रचना कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचे, छायाचित्र कुणाचे.

मूळ फिती आर्डेंटमध्ये जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून ही गाणी आज इतकी स्वच्छ ऐकू येतात. त्या फिती कुणी टाकून दिल्या असत्या, किंवा मधल्या २० वर्षांत कुणी एका प्रतीची दुसरी प्रत करून मित्राला दिली नसती, तर बिग स्टार हे केवळ एका किराणामालाच्या दुकानाचे नाव उरले असते. अशा रीतीने कायमची हरवलेली गाणी जगात किती असतील, याची गणती कुणाजवळ नाही. चांगले गाणे आपोआप लोकांपर्यंत पोहोचते, हा समज म्हणूनच सोडून द्यावयास हवा. ते कुणी तरी पोहोचवावे लागते. दुकानदार, वितरक आणि नभोवाणी यांनी ते वेळेवर पोहोचविले तर कलावंत जगतो. त्यांनी ते केले नाही, तर एखादा रसिक ते उशिरा पोहोचवितो, आणि मग गाणे तेवढे जगते. बेलच्या वाट्याला हा दुसरा प्रकार आला. आवडलेले नवे गाणे आजच शेजाऱ्याला ऐकवावे, आणि गाणारा हयात असेल तर दोन ओळींचे पत्र त्यालाही घालावे. उशिराची दाद गाण्याला पुरते, माणसाला पुरत नाही.